स्लाइड पाहून म्युटेशन ओळखता येतं का? यकृताच्या कॅन्सरपुरतं उत्तर

पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका निवासी डॉक्टरांचा प्रश्न आहे. शस्त्रक्रियेने काढलेल्या हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, म्हणजे यकृतपेशींपासून होणाऱ्या कॅन्सरची (एचसीसीची), साधी एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची) स्लाइड पाहून त्यांचे सर म्हणाले, ‘हा बीटा-कॅटेनिनवाला दिसतोय.’ पुढे सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुकांची अक्षरं वाचल्यावर, बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकातच म्युटेशन (बदल) निघालं. जनुकातलं एक अक्षर बदललं तर पेशींची मांडणी आणि एमआरआयवरची छटा कशी काय बदलते? आणि अशा अंदाजावर किती विसंबायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पुढची कोणती तपासणी मागवायची हे ठरवण्यापुरतं जरूर विसंबा. निदान म्हणून लिहायला विसंबू नका.

आता पहिला प्रश्न. माझ्या पाहण्यात आलेली आणि हळूहळू पटत गेलेली गोष्ट अशी, की बिघडलेलं जनुक यकृताच्या पेशीला सहसा नवं काही शिकवत नाही. पेशीला आधीपासून येत असलेलं, एरवी वेळ आणि जागा पाहून चालू-बंद होणारं एखादं काम ते कायमचं चालू करून ठेवतं. ते काम कोणतं हे कळलं की गाठ तशी का दिसते हे उलगडतं. जिथे असं कुठलंच काम चालू होत नाही, नुसता पहारा उठतो, तिथे गाठ बेशिस्त दिसते. आणि काही म्युटेशनना तर चेहराच नसतो.

सुरुवात निरोगी यकृतापासून करू. खंडिकेतल्या (यकृताच्या सूक्ष्म घटकातल्या) सगळ्या पेशी एच अँड ईवर सारख्याच दिसल्या तरी त्यांनी कामं वाटून घेतलेली असतात. खंडिकेच्या कडेला, जिथून रक्त आत येतं त्या पोर्टल ट्रायडजवळच्या पेशी अमोनियापासून युरिया बनवतात. तिथून निसटलेला अमोनिया मध्यशिरेभोवतीच्या एक ते तीन ओळींतल्या पेशी ग्लुटामाइनमध्ये बांधून टाकतात. त्यासाठी लागणारं एन्झाइम म्हणजे ग्लुटामाइन सिंथेटेज, आपल्या रोजच्या बोलण्यातलं जीएस. म्हणून निरोगी यकृतावर जीएसचा इम्युनो (ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) लावला की फक्त मध्यशिरेभोवती तपकिरी कडं उमटतं, बाकी सगळं कोरं. ‘तू मध्यशिरेपाशी आहेस’ हा संदेश डब्ल्यूएनटी कुळातल्या प्रथिनांमार्फत येतो. तो पाठवतात मध्यशिरेच्या अस्तरातल्या एंडोथेलियल पेशी, आणि यकृतपेशीच्या आत तो केंद्रकापर्यंत नेतं बीटा-कॅटेनिन.

हे बीटा-कॅटेनिन पेशीत सतत तयार होतं आणि संदेश नसेल तर सतत मोडीतही निघतं. एपीसी आणि ॲक्सिन ही प्रथिनं आणि दोन कायनेज (फॉस्फेट चढवणारी एन्झाइमं) मिळून त्याच्या सुरुवातीच्या टोकावर ठरावीक जागी फॉस्फेट चढवतात. सीके१ आधी ४५व्या सेरीनवर चढवतं, मग जीएसके३-बीटा ४१, ३७ आणि ३३व्या जागी. फॉस्फेट दिसलं की युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडण्याचं यंत्र, ते प्रथिन फस्त करतो. या सगळ्या जागा बीटा-कॅटेनिनच्या सीटीएनएनबी१ या जनुकाच्या तिसऱ्या एक्सॉनमध्ये (प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यात) एकमेकींच्या शेजारी आहेत. तिथे सेरीनऐवजी दुसरं अमिनो आम्ल बसलं की फॉस्फेटला जागा उरत नाही. प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि टीसीएफ या प्रथिनाच्या जोडीने ठरलेली जनुकं चालू ठेवतं. एचसीसीच्या साधारण ३० टक्के गाठींत सीटीएनएनबी१ असं बिघडलेलं सापडतं. आसपास मध्यशिरा कुठेच नसते, पण गाठीतली प्रत्येक पेशी आपण तिला टेकून बसलोय अशा समजुतीत असते.

तुमच्या सरांनी काय पाहिलं असेल, हे आता सांगता येईल. या पेशी यकृतपेशीसारख्याच राहतात, कारण त्या एक खरंखुरं यकृताचंच काम करत असतात. ट्रॅबेक्युले (पेशींच्या पट्ट्या) पातळ, केंद्रकं बऱ्यापैकी एकसारखी, मध्येमध्ये स्युडोग्लँड (ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या पोकळ्या) आणि त्यांत पित्ताचे हिरवट-तपकिरी गोळे. हे स्युडोग्लँड म्हणजे फुगलेल्या कॅनालिक्युली (पेशींमधल्या पित्ताच्या बारीक वाटा) असतात: पेशीला पित्त बनवता येतं, पण गाठीत पित्तनलिका नसल्याने ते वाहून जायला वाट नसते. चरबी फारशी नाही, लिम्फोसाइट (प्रतिकारपेशी) तर शोधावे लागतात. गाठ आकाराने मोठी असूनही चेहरा सभ्य. २०१७ मध्ये ज्युलिएन काल्देरारो, जेसिका झुकमन-रोस्सी आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ३४३ एचसीसींची स्लाइड आणि जनुकं शेजारी ठेवून तपासली, तेव्हा नेमका हाच संच सीटीएनएनबी१च्या बाजूला पडला.

एमआरआयची छटा याच कहाणीचा भाग आहे. गॅडोक्सेटिक ॲसिड हे कॉन्ट्रास्ट यकृतपेशी ओएटीपी१बी३ सारख्या वाहक प्रथिनांवाटे आत ओढून घेतात, म्हणून इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी घेतलेल्या हेपॅटोबिलिअरी फेजमध्ये निरोगी यकृत उजळतं. बहुतेक एचसीसी हा वाहक गमावून बसलेले असतात आणि काळे दिसतात. थोड्या गाठी मात्र यकृताइतक्या किंवा त्याहून उजळ दिसतात आणि त्यांच्यात बीटा-कॅटेनिन जागं असण्याचं प्रमाण लक्षणीय असतं. ओएटीपी१बी३ निरोगी माणसात मुख्यतः मध्यशिरेभोवतीच्याच पेशींवर असतं हे आठवलं की कोडं सुटतं. जीएसचा तपकिरी रंग, स्युडोग्लँडमधलं पित्त आणि एमआरआयचा उजेड, तिन्ही एकाच संदेशाची फळं आहेत. रेडिओलॉजिस्टला फोन करून ही छटा विचारायची सवय ठेवा. मात्र उजळपणा फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया या कॅन्सर नसलेल्या गाठीतही दिसतो, त्यामुळे एकट्या त्यावर उडी मारू नका.

लिम्फोसाइट का नसतात? उंदरांवरच्या प्रयोगांत बीटा-कॅटेनिन जागं असलेल्या गाठी सीसीएल५ सारखे बोलावणी-संदेश कमी सोडतात, डेंड्रिटिक पेशी येत नाहीत आणि त्यांच्यामागून येणाऱ्या टी पेशीही फिरकत नाहीत, असं २०१९ मध्ये दिसलं. मग अशा रुग्णांना इम्युनोथेरपी लागू पडणार नाही, असा तर्क जोरात निघाला. सुरुवातीच्या छोट्या मालिकांत तसं दिसलंही. पुढे अटेझोलिझुमॅब (इम्युनोथेरपी) आणि बेव्हॅसिझुमॅब (रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) एकत्र दिलेल्या रुग्णांत मात्र निकाल इतका सरळ आला नाही. म्हणून सीटीएनएनबी१चं म्युटेशन आहे एवढ्यावरून कुणाची इम्युनोथेरपी अडवायची नसते. ऑन्कॉलॉजिस्टने विचारलं तर हे स्पष्ट सांगा.

जीएसबद्दल एक इशारा इथेच. जीएस पॉझिटिव्ह म्हणजे म्युटेशन, हे समीकरण चुकीचं आहे. ग्लिपिकन-३, एचएसपी७० आणि जीएस या तीन प्रथिनांपैकी दोन पॉझिटिव्ह असतील तर आपण वेल डिफरन्शिएटेड (निरोगी यकृतासारख्याच दिसणाऱ्या) एचसीसीच्या बाजूने मत देतो. तिथे जीएस कॅन्सरचा पुरावा असतो, बीटा-कॅटेनिनचा नव्हे. म्युटेशनकडे बोट दाखवतो तो गाठभर, जोरदार आणि एकसारखा रंग. केंद्रकात बीटा-कॅटेनिन दिसलं तर उत्तम, पण ते बऱ्याचदा चार-दोन पेशींतच असतं, आणि बायॉप्सीच्या बारीक कोअरमध्ये (सुईने काढलेल्या तुकड्यात) नाही दिसलं म्हणून नकार देता येत नाही. ४५व्या सेरीनचं म्युटेशन तुलनेने मवाळ असल्याने त्यात जीएस ठिगळांसारखा उमटतो. आणि ॲक्सिन१ बिघडलेल्या गाठी? ॲक्सिन त्याच मोडतोड-संचातलं, तेव्हा चित्र सारखंच असायला हवं, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात त्या गाठींत जीएसचा कार्यक्रम चालू दिसत नाही. पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या आकृतीवर सगळं सोडू नये, ते यासाठीच.

टीपी५३ या पहारेकरी जनुकाची बाजू नेमकी उलट. या जनुकाचं प्रथिन कुठलंही यकृती काम चालू करत नाही. डीएनए फाटला किंवा गुणसूत्रांची वाटणी बिघडली की पेशीला थांबवणं, हे त्याचं काम. निरोगी यकृतातही दोन केंद्रकांच्या आणि गुणसूत्रांचे दुप्पट संच असलेल्या पेशी पुष्कळ असतात. यकृताला त्याचं वावडं नाही, कारण पहारा जागा असतो. तो उठला की वाढती गुणसूत्रं आवरायला कुणी राहत नाही. मग स्लाइडवर अवाढव्य, वेडीवाकडी, कधी अनेक केंद्रकांची पेशी दिसते. मांडणी घट्ट, फटी नसलेली. रक्तवाहिन्यांत शिरलेली गाठ, रक्तात वाढलेलं एएफपी (एचसीसीची खूण मानलं जाणारं प्रथिन). बीटा-कॅटेनिनच्या सभ्य चेहऱ्याशेजारी ही स्लाइड ठेवली तर फरक कळायला शिक्षक लागत नाही. दोन्ही म्युटेशन एकाच गाठीत सापडणं तुलनेने दुर्मीळ आहे.

टीपी५३मध्ये तर कुणी बिघडवलं याचीही सही कधीकधी सापडते. अफ्लाटॉक्सिन बी१ हे ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष दमट साठवलेल्या मक्यात आणि शेंगदाण्यात उतरतं. यकृत ते निर्विष करायला जातं आणि त्या खटाटोपात सायटोक्रोम एन्झाइम त्याचं इपॉक्साइड बनवतात, जे डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं. परिणामी टीपी५३च्या २४९व्या कोडॉनमधलं (तीन अक्षरांच्या शब्दातलं) शेवटचं अक्षर जी बदलून टी होतं आणि आर्जिनिनच्या जागी सेरीन येतं. १९९१ मध्ये दोन वेगळ्या गटांनी, एकाने चीनमधल्या छिदोंगच्या आणि दुसऱ्याने दक्षिण आफ्रिकेकडच्या रुग्णांत, हेच म्युटेशन एकत्र गोळा झालेलं दाखवलं. हिपॅटायटिस बीची लागण सोबत असेल तर धोका कितीतरी वाढतो. आपल्या देशात अफ्लाटॉक्सिनचं नाव निघालं की १९७४ आठवतं: राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. ती तीव्र विषबाधा होती, कॅन्सर नव्हे. कॅन्सरवाला मार्ग थोडंथोडं विष वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा.

टीपी५३च्याच वाटेवरचा एक प्रकार वेगळा ओळखा, कारण तो रुग्णाचं भवितव्य बदलतो: मॅक्रोट्रॅबेक्युलर-मॅसिव्ह. सहापेक्षा जास्त पेशींच्या जाडीचे ट्रॅबेक्युले आणि तेही निम्म्याहून अधिक गाठीत, हा निकष. सोबत टीपी५३ बिघडलेलं किंवा गुणसूत्र ११वर एफजीएफ१९ या जनुकाच्या प्रती वाढलेल्या. इथल्या पेशी रक्तवाहिन्या वाढवणारे संदेश भरपूर सोडतात, अँजिओपोएटिन-२ त्यांपैकी एक, आणि गाठीतल्या एंडोथेलियमवर (रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर) ईएसएम१ हे प्रथिन उमटतं. जाड ट्रॅबेक्युलेभोवती एंडोथेलियमचं सलग वेष्टन तयार होतं, आणि असा वेष्टनासकट सुटलेला पुंजका रक्तातून पुढे जातो. पेशीला एकटी सुटून हलकीफुलकी व्हायची गरजच पडत नाही. ‘निम्म्याहून अधिक’ हा निकष मात्र कोअर बायॉप्सीत लावताच येत नाही. तिथे मी ‘मॅक्रोट्रॅबेक्युलर भाग आढळला’ इतकंच लिहितो.

स्किर्‍हस प्रकारात टीएससी१ किंवा टीएससी२ हे जनुक बिघडलेलं असण्याचा कल आहे; दाट तंतुमय चित्रामुळे तो कोलँजिओकार्सिनोमासारखा (पित्तनलिकांच्या कॅन्सरसारखा) फसवतो एवढं ध्यानात ठेवा, पुढे जाऊ.

स्टिॲटोहेपॅटायटिक एचसीसी आपल्याकडे मधुमेह आणि लठ्ठपणाच्या रुग्णांत भेटतो: गाठीतच चरबी, फुगलेल्या पेशी, मॅलरी-डेंक बॉडी (पेशीतले प्रथिनांचे गोळे), पेशींभोवती तंतू, दाहपेशी. फॅटी लिव्हरचा सारा आजार जणू गाठीत राहायला आलेला. यात सीटीएनएनबी१, टर्ट (याच्याबद्दल पुढे) आणि टीपी५३ ही नेहमीची मंडळी कमी वेळा सापडतात, आणि चालू असतो तो आयएल-६, जॅक, स्टॅट३ हा दाहाचा संदेशमार्ग. हा मार्ग म्हणजे अंगात ताप-जंतुसंसर्ग असताना यकृताने सीआरपी आणि अमायलॉइड ए ही प्रथिनं रक्तात सोडण्याचा जुना शिरस्ता. त्याचं अधिक स्वच्छ उदाहरण हवं तर कॅन्सरच्या अलीकडे, ॲडिनोमाकडे (कॅन्सर नसलेल्या यकृतगाठीकडे) पाहा. इन्फ्लमेटरी ॲडिनोमात आयएल-६च्या रिसेप्टरमधल्या जीपी१३० प्रथिनाचा छोटा तुकडा गळालेला असतो, हे २००९ मध्ये फ्रान्समध्येच सापडलं. तुकडा गळाला की रिसेप्टर आयएल-६ची वाट न पाहता चालू राहतो. गाठीतल्या पेशी सीआरपी बनवत राहतात, सायन्युसॉइड रुंदावतात, दाहपेशी गोळा होतात, आणि कधी रुग्णाच्या रक्तातही सीआरपी वाढलेलं सापडतं. अंगात संसर्ग काहीच नसतो. एचएनएफ१ए हे जनुक बिघडलेला ॲडिनोमा याच्या उलट, काम गमावण्याचा: यकृती फॅटी ॲसिड बाइंडिंग प्रोटीन नाहीसं होतं आणि पेशी चरबीने भरतात.

पण एका बदलाने अख्खी गाठ घडते याचा सगळ्यात नितळ पुरावा मागाल तर मी फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा दाखवेन. ह्यू एडमंडसन यांनी १९५६ मध्ये वर्णिलेला हा कॅन्सर किशोरांना आणि तरुणांना होतो. सिरोसिस नाही, हिपॅटायटिस नाही, एएफपी बहुधा सामान्य. स्लाइडवर मोठ्या, गुलाबी, दाणेदार पेशी, ठसठशीत न्यूक्लिओलस आणि त्यांच्यामधून समांतर धावणारे कोलॅजेनचे पट्टे. २०१४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने १५ गाठी तपासल्या आणि पंधराच्या पंधरांत एकच गोष्ट निघाली. १९व्या गुणसूत्रातला सुमारे ४०० किलोबेसचा तुकडा गळून डीएनएजेबी१ जनुकाची सुरुवात पीआरकेएसीए जनुकाला जोडली गेली होती. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एलाना सायमन होती, जिला स्वतःला बाराव्या वर्षी हाच कॅन्सर झाला होता. पीआरकेएसीए हे प्रोटीन कायनेज एचं क्रियाशील अंग. उपाशीपोटी ग्लुकागॉन आलं की सीएएमपी वाढतं, कायनेज ए मोकळं होतं आणि यकृत साखर बनवायला लागतं, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. जोड झाल्यावर या कायनेजला भरभक्कम प्रोमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) मिळतो, ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनतं आणि त्याला आवरणारी प्रथिनं पुरी पडत नाहीत. पेशी गुलाबी आणि दाणेदार दिसतात त्या मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरल्यामुळे.

याचा रोजचा उपयोग: तरुण रुग्ण, निरोगी यकृत आणि असं चित्र दिसलं की सीके७ आणि सीडी६८ हे दोन्ही इम्युनो लावा, दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर पीआरकेएसीएचं फिश (जनुकाची तोडजोड दाखवणारी तपासणी) मागवा. जोड सापडली तर निदान जवळजवळ पक्कं; जवळजवळ एवढ्यासाठी, की हीच जोड स्वादुपिंड आणि पित्तनलिकांच्या काही ऑन्कोसायटिक (अशाच मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या) गाठींतही सापडते. आणि रुग्ण वॉर्डात गुंगीत जात असेल तर अमोनिया तपासायला सांगा. सिरोसिस नसतानाही या कॅन्सरमध्ये अमोनिया चढू शकतो, आणि यकृत चांगलं आहे म्हणून तो कुणी तपासतच नाही.

आता ज्याला चेहरा नाही त्याच्याबद्दल. टर्ट या टेलोमरेज एन्झाइमच्या जनुकाचा प्रोमोटर हा एचसीसीमधला सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला भाग आहे, साधारण ६० टक्के गाठींत. एका अक्षराच्या बदलाने तिथे ईटीएस कुळातल्या प्रथिनांना बसायला नवी जागा तयार होते, आणि प्रौढ यकृतपेशीत झोपलेलं टेलोमरेज जागं होतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू कधी स्वतःच तिथे घुसून तेच साधतो. सिरोसिसमध्ये पेशी विभागून विभागून टेलोमिअर (टेलोमरेज राखतं ती गुणसूत्रांची टोकं) झिजलेले असतात, तिथे ही संजीवनीच ठरते. फ्रेंच मालिकेत लो-ग्रेड डिस्प्लास्टिक नोड्यूलमध्ये (कॅन्सरआधीच्या गाठीत) ६ टक्के, हाय-ग्रेडमध्ये १९ टक्के आणि सुरुवातीच्या एचसीसीत ६१ टक्के अशी चढण दिसली. कॅन्सरकडे वळण्याच्या नेमक्या उंबरठ्यावरचं हे म्युटेशन आणि स्लाइडवर त्याची काहीच खूण नाही, कारण टेलोमरेज पेशीला जगत ठेवतं, कोणतं काम करायचं ते सांगत नाही. अपवाद एक, तोही आडून: क्रोमोफोब एचसीसी. फिकट पेशी आणि मध्येच अचानक वेडीवाकडी केंद्रकं अशा या गाठींत टेलोमिअर टिकवण्याचा टेलोमरेजशिवायचा दुसरा मार्ग सापडतो.

विसंबण्याच्या मर्यादा यातून कळल्या असतीलच, पण एक सहसा बोलली जात नाही. सिरोसिस असलेल्या रुग्णात सीटी-एमआरआयवर ठरावीक चित्र दिसलं की बायॉप्सी न करताच एचसीसीचं निदान होतं. त्यामुळे वर सांगितलेलं सारं ज्ञान मुख्यतः शस्त्रक्रिया शक्य झालेल्या गाठींवर उभं आहे. काल्देरारोंच्या ३४३ गाठीही काढलेल्याच होत्या. खूप पसरलेले कॅन्सर, ज्यांना औषधं सगळ्यात जास्त लागतात, त्यांच्या स्लाइड आपण फारशा पाहतच नाही. शिवाय एकाच गाठीत दोन चेहरे शेजारीशेजारी असू शकतात, म्हणून मोठ्या गाठीतून एकच ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) घेणाऱ्याशी माझं भांडण असतं.

उपचाराचं विचाराल तर टर्ट, टीपी५३ आणि सीटीएनएनबी१ या तिन्हींवर थेट मारा करणारं औषध एचसीसीसाठी आज नेहमीच्या वापरात नाही. पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये एफजीएफआर२ आणि आयडीएच१ या जनुकांतल्या बिघाडांवर औषधं आहेत, म्हणून यकृतातली गाठ एचसीसी की कोलँजिओकार्सिनोमा हे नीट ठरवणं, हीच म्युटेशनच्या दृष्टीने आपली सगळ्यात उपयोगी कामगिरी.

तुमच्या सरांनी ओळखली तशी गाठ आली तर रिपोर्टमध्ये उपप्रकार, जीएसचा रंग गाठभर आहे की ठिगळांत, केंद्रकात बीटा-कॅटेनिन आहे का, आणि गाठीबाहेरचं यकृत कसं आहे, एवढं लिहा. म्युटेशनचं नाव टिप्पणीत, ‘सुसंगत चित्र’ अशा शब्दांत. आणि सिक्वेन्सिंगसाठी कोणता ब्लॉक पाठवायचा ते तुम्हीच लिहून ठेवा: जिवंत गाठ सगळ्यात जास्त, नेक्रोसिस (मेलेला भाग) सगळ्यात कमी. आधी टीएसीई (रक्तवाहिनीतून औषध देऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार) झालेल्या गाठीत हे नाही केलं, तर तंत्रज्ञ हाताला येईल तो ब्लॉक कापतो आणि महिन्याभराने ‘डीएनए अपुरा’ असा कागद परत येतो.